जुन्या बाजारातून रेकॉर्ड, कॅसेट आणि व्हिडिओ गेम घेताना: नवख्यांसाठी मार्गदर्शक

पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुना बाजार, मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि जवळपास प्रत्येक शहरातील रद्दीची दुकाने या ठिकाणी आजही ग्रामोफोनच्या तबकड्या, गाण्यांच्या कॅसेट, व्हीसीडी आणि टीव्हीला जोडायचे जुने गेम मिळतात, आणि नजर थोडी सरावली की ते बरेच स्वस्त मिळतात. अडचण एवढीच की पथारीवर मांडलेली वस्तू चालवून पाहायला तिथे बहुतेक वेळा वीजही नसते आणि यंत्रही नसते, त्यामुळे ती चालते की नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ‘एकदम चालू आहे साहेब’ या आश्वासनाला म्हणूनच काही किंमत नाही. पुढील सगळ्या सूचना एकाच नियमाला धरून आहेत: उभ्याउभ्या डोळ्यांनी आणि बोटांनी जेवढे तपासता येते तेवढ्याचेच पैसे द्यावेत, आणि जे तपासता येत नाही ते बंद आहे असे धरून भाव बोलावा.

आधी यंत्र ठरवावे

नवखा माणूस बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. दहा तबकड्या घरी येतात आणि मग त्या कशावर वाजवायच्या याचा शोध सुरू होतो. आधी घरात कोणते यंत्र आहे, किंवा कोणते दुरुस्त करून मिळेल, हे ठरवावे आणि पहिले काही महिने त्या एकाच प्रकारामागे लागावे.

सर्वांत कमी खटपटीचा मार्ग सीडी आणि व्हीसीडीचा आहे, कारण साधा डीव्हीडी प्लेअर बहुतेक वेळा या दोन्ही चालवतो आणि असा प्लेअर आजही कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो. कॅसेट प्लेअर घेताना झाकण उघडून आतील रबरी पट्टा पाहावा. तो ताणला गेला असेल तर बदलता येतो, पण काही यंत्रांत तो वितळून डांबरासारखा चिकट होतो आणि मग पट्टा बदलण्यापेक्षा आतील चाके साफ करण्यातच कारागिराचा वेळ जातो. रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत सुई हा खरा खर्च असतो. आपल्याकडे घरोघर असलेल्या एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरची सुई झिजलेली असली तर ती प्रत्येक तबकडीच्या खाचा थोड्याथोड्या खरवडत जाते, म्हणून असा प्लेअर घेतल्यास नव्या सुईची किंमत पहिल्याच दिवशी त्यात मिळवावी.

व्हीएचएस, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट, मात्र नवख्याने टाळाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. त्या चालवणारे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू यंत्र मिळणे आणि ते चालू राहणे या दोन्ही गोष्टी दिवसेंदिवस कठीण होत आहेत. घरातील लग्नाची किंवा मुंजीची कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यापुरता व्हीसीआर मिळवावा; सिनेमांच्या व्हीएचएस जमवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेहून किंवा जपानहून कोणी नातेवाइकांनी आणलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल तर मागची पट्टी वाचावी. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची आणि जपानमधील १०० व्होल्टची असते. फक्त तेवढ्यावरच चालणारे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत थेट लावले तर ते जळते. तिकडचे चित्र एनटीएससी पद्धतीचे आणि आपले पाल पद्धतीचे असते, हा फरक जुन्या टीव्हीवर जास्त जाणवतो. डीव्हीडीला याशिवाय विभाग क्रमांक असतो. भारताचा क्रमांक ५ आणि अमेरिकेचा १, त्यामुळे तिकडची डीव्हीडी इकडच्या प्लेअरवर चालेलच असे नाही.

कुठे आणि केव्हा जावे

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत मटण स्ट्रीटवरची पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी आसपासच्या रस्त्यावर पथारीवाल्यांचा जुम्मा बाजार लागतो. दुकानदाराला आपल्या मालाची किंमत नेमकी माहीत असते, पथारीवाल्याला बहुधा नसते, म्हणून स्वस्त सौद्यासाठी शुक्रवार आणि निवडक, साफ केलेल्या मालासाठी इतर दिवस असे समजावे. दोन्हीकडे सकाळी लवकर जावे, कारण चांगला माल दुकानदार स्वतःच आधी उचलतात. सुट्या भागांसाठी, म्हणजे पट्टा, सुई, अॅडॉप्टर किंवा वायर यांसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड अजूनही उपयोगी पडतो.

बाजारापेक्षाही मोठा स्रोत म्हणजे घरोघरची साफसफाई. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस हा या छंदाचा खरा हंगाम आहे. त्या काळात माळ्यावरची खोकी खाली येतात आणि किलोवर रद्दीत जातात. जुने वाडे आणि सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या की तिथूनही असाच माल निघतो. आपल्या भागातील रद्दीवाल्याकडे आपला फोन क्रमांक ठेवावा, ‘तबकड्या किंवा गेम आले तर आधी मला सांगा’ असे म्हणावे आणि त्याने बोलावल्यावर एखादी तरी वस्तू घ्यावी. दोन वेळा रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला तो तिसऱ्यांदा फोन करत नाही. पावसाळ्यात मात्र उघड्यावरचा माल घेऊच नये. तो भिजून वाळलेला असू शकतो आणि ते वरून कळत नाही.

बरोबर एक छोटा टॉर्च, मऊ कापड, सुट्या नोटा आणि शक्य असल्यास चालू वॉकमन व इअरफोन ठेवावा. कॅसेट घेणाऱ्याजवळ वॉकमन असला की या लेखातील मूळ अडचण त्याच्यापुरती सुटतेच.

तबकडी हातात घेतल्यावर

पहिल्यांदा तिचा प्रकार ओळखावा. जाड, जड, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेची असते आणि पडली की फुटते. तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावते. बालगंधर्वांची किंवा मास्टर दीनानाथांची नाट्यपदे मुळात याच तबकड्यांवर आली. १९४८ मध्ये आलेली १२ इंची एल.पी. (लाँग प्ले) आणि त्याच्या पुढच्या वर्षी आलेली ७ इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी या विनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, असतात आणि त्यांच्या खाचा कितीतरी बारीक असतात. त्यामुळे ७८ च्या तबकडीसाठी रुंद टोकाची वेगळी सुई लागते. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने एल.पी. वाजवली तर ती एकाच वेळेत कायमची खराब होते. पथारीवरच्या अनेक एल.पी. अशाच वाया गेलेल्या असतात.

यानंतर तबकडी पाकिटातून पूर्ण बाहेर काढावी. विकणारा कुरकुरला तरी काढावीच, कारण वेष्टण एका गाण्यांचे आणि आत तबकडी दुसरीच, हा प्रकार रोजचा आहे. ती कडेने आणि मधल्या कागदी लेबलावर धरून उन्हात तिरपी करावी. चांगल्या तबकडीवर प्रकाशाची पट्टी काळी, चकचकीत आणि सलग दिसते. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नये. पाकिटातून काढता-घालताना त्या पडतात आणि त्यांचा आवाज थोडाच येतो. रेषा ठळक असेल तर तिच्यावरून नख हलकेच आडवे फिरवावे. नख अडले तर तिथे सुईही अडणार, गाणे एकाच ओळीवर घुटमळणार किंवा उडी मारणार. याहून फसवे लक्षण म्हणजे राखाडी झाक. ओरखडा एकही नाही, पण खाचांचा काळा रंग निस्तेज आणि करडा झाला आहे, अशी तबकडी बोथट सुईखाली शेकडो वेळा वाजलेली असते. तिची खरखर कितीही धुतली तरी जात नाही. लोकप्रिय गाण्यांच्या तबकड्यांत हे विशेष आढळते, कारण घरात सर्वांना तेच गाणे हवे असायचे.

शेवटी ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलेली नाही ना ते पाहावे. बशीसारखी किंचित वाकलेली तबकडी बहुधा चालते, पण कडेला एकाच जागी उचलली गेलेली चालत नाही. लाखेच्या तबकडीची कड बोटाने चाचपावी; केसाएवढी चीर डोळ्यांना दिसली नाही तरी नखाला लागते.

धूळ, बोटांचे ठसे आणि बुरशीचे पांढरे ठिपके यांना भिऊ नये, कारण ते धुऊन निघतात आणि भाव पाडायला उपयोगी पडतात. मळकी पण न झिजलेली तबकडी हा या बाजारातील सर्वांत चांगला सौदा आहे, आणि दुकानात पुसून चकचकीत केलेली झिजकी तबकडी हा सर्वांत वाईट.

कॅसेट

कॅसेटची तपासणी तिच्या खिडकीतून होते. गुंडाळलेल्या फितीची कड टॉर्चच्या उजेडात सपाट आणि एकसारखी तपकिरी दिसली पाहिजे. तिच्यावर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, आणि कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या मालात ती हमखास असते. अशी कॅसेट फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण ती प्लेअरमध्ये घातली की हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बुरशी बसते आणि तिथून घरातील चांगल्या कॅसेटींना लागते. नंतर कॅसेट उघड्या कडेने पाहावी. मध्यभागी तांब्याच्या रंगाच्या पातळ पट्टीवर बनातीचा छोटा चौकोन असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. तो गळून पडला असेल तर आवाज बसका येतो. दुसऱ्या निकामी कॅसेटमधून तो काढून बसवता येतो, पण त्यासाठी कॅसेट चार-पाच स्क्रूंनी बंद केलेली हवी. चिकटवून बंद केलेली कॅसेट फोडावी लागते. पेन्सिल घालून चाक दोन-चार फेरे फिरवावे. ते सहज फिरले पाहिजे.

कॅसेट १९६३ मध्ये फिलिप्सने आणली आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडे त्या इतक्या निघाल्या की छापील कॅसेट दुर्मीळ असणे हेच दुर्मीळ आहे. म्हणून सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटसाठी जास्त पैसे मोजू नयेत. माझ्या दृष्टीने शोधण्यासारख्या कॅसेट वेगळ्या आहेत: कोऱ्या साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर कोणीतरी आकाशवाणीवरून टेप केलेली मैफल, गावातील कीर्तन, गणेशोत्सवातील व्याख्यान. त्यांच्यावर बॉलपेनने तारीख आणि गायकाचे नाव लिहिलेले असते, विकणाऱ्याच्या लेखी त्या ‘रिकाम्या’ असतात आणि गठ्ठ्यात जवळपास फुकट मिळतात. एकशेवीस मिनिटांची कॅसेट मात्र टाळावी. तिची फीत फार पातळ असते आणि प्लेअरमध्ये गुंतते.

व्हीसीडी, सीडी, डीव्हीडी

यांच्यासाठी फार वेळ घालवू नये. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते आणि आजच्या मोठ्या टीव्हीवर ते धूसरच दिसणार, म्हणून अन्यत्र कुठेच न मिळणारी मराठी नाटके आणि जुने चित्रपट एवढ्यापुरत्याच त्या घ्याव्यात. सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांवर असतो. सगळ्या आत आहेत याची खात्री करावी. भावाबाबत एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास नव्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकल्या होत्या. त्याच व्हीसीडीला आज ‘अँटिक’ म्हणून शंभर रुपये मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे.

सीडीचा माहिती धरणारा चकाकता थर खालच्या नव्हे, तर छापील बाजूला अगदी लगटून असतो. त्यामुळे खालचा ओरखडा एकवेळ पॉलिशने जातो, पण वरचा जात नाही. सीडी उजेडासमोर धरावी आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे चमकली तर ती ठेवून द्यावी. खालची बाजू जांभळट, निळसर किंवा हिरवट असेल तर ती घरी जाळलेली प्रत आहे. ‘शंभर गाणी एकाच सीडीत’ छापाच्या अशा प्रतींचे ढीग असतात. त्या चोरीच्या तर असतातच, शिवाय लवकर मरतात.

व्हिडिओ गेम

भारतात नव्वदीच्या दशकात बहुसंख्य मुलांनी जो टीव्ही गेम खेळला तो निन्टेंडोचा मूळ गेम नसून, १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्याच फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होती. लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी हे गेम विकले जात. यांच्या कॅसेटला साठ पिना असतात, अमेरिकी निन्टेंडोच्या कॅसेटला बहात्तर, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्यात बसत नाही; घेण्यापूर्वी रुंदी पाहावी. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेले असले तरी आत मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले असतात, तेव्हा त्या आकड्याचे पैसे देऊ नयेत. कॅसेट चालत नसेल तर बहुधा दोष पिनांवरच्या मळाचा असतो. तिच्यात फुंकर मारण्याची आपली पिढीजात सवय सोडावी, कारण फुंकरेतील ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पुसाव्यात. अॅडॉप्टर बरोबर नसेल तर बाजारातला कोणताही लावू नये. गेमच्या पाठीवरचे व्होल्ट आणि धन-ऋणाची खूण जुळवून पाहावी, कारण यांतील पुष्कळ गेमना मध्यभागी ऋण टोक लागते. गेमची बंदूक मिळाली तर ती फक्त काचेच्या जाड नळीच्या टीव्हीवरच चालते, सपाट टीव्हीवर नाही. तसा टीव्ही भंगारात सहज मिळतो, पण तो स्वतः उघडू नये. वायर काढल्यावरही आत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा टीव्ही गेम भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत आला तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. विकणारे ही जुनी किंमत सांगून भाव चढवतात. तिचा आजच्या भावाशी काही संबंध नाही.

निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉयच्या कॅसेटी आपल्याकडे बहुधा आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या असतात आणि त्यांत नकली फार. गेम बॉय अॅडव्हान्स या पुढच्या यंत्राच्या अस्सल कॅसेटच्या लेबलवर दोन अंक हलके दाबून उमटवलेले असतात, ते उजेडात तिरपे धरल्यावर दिसतात. नकलीवर ते बहुधा नसतात. शक्य झाल्यास उघडून पाहावी. आत चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा गोळा असेल तर ती नक्कल आहे. जुन्या कॅसेटमध्ये खेळ जतन करणारी छोटी बॅटरीही असते आणि ती आता बहुतेक संपलेली असते. गेम चालतो, फक्त प्रगती टिकत नाही. बॅटरी बदलून मिळते, तेव्हा एवढ्यासाठी चांगली कॅसेट सोडू नये.

नवख्याने यंत्र घ्यायचेच तर मी प्लेस्टेशन २ सुचवीन. ते २००० मध्ये आले, २०१३ च्या सुरुवातीला बंद झाले, जगात सर्वाधिक विकले गेलेले गेमचे यंत्र तेच आहे आणि म्हणून त्याचे भाग, रिमोट, डिस्क सगळे मिळते. मुख्य बिघाड लेन्सचा असतो. याच्या अस्सल डिस्क दोन प्रकारच्या आहेत: निळ्या तळाच्या सीडी आणि रुपेरी तळाच्या डीव्हीडी. दोन्ही लावून पाहाव्यात, कारण लेन्स थकली की एक प्रकार चालतो आणि दुसरा चालत नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कचा तळ काळा असतो. तो काळा नसेल तर ती प्रत बनावट समजावी. आपल्याकडील अनेक प्लेस्टेशन २ यंत्रांना नकली डिस्क चालवण्यासाठी चिप बसवलेली आहे. त्यामुळे यंत्र खराब ठरत नाही, पण झाकणाचे स्क्रू झिजलेले दिसले की आतले डाखकाम कोणी कसे केले असेल याचा अंदाज घेऊन भाव कमी करावा.

एक गोष्ट मात्र रद्दीच्या ढिगात आवर्जून शोधावी. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा’ हे प्लेस्टेशन २ चे गेम भारतासाठी काढलेले होते. खेळ म्हणून त्यांची कीर्ती बेताचीच आहे, पण इथल्याखेरीज ते सहजी कुठे मिळत नसल्याने परदेशी संग्राहक ते शोधत असतात आणि इथला विकणारा त्यांना क्रिकेटच्या जुन्या गेमबरोबर एकाच भावात ठेवतो.

भाव करताना

भवानीच्या वेळी विकणारा लवचीक असतो. दुपारनंतर तो थकतो, पण चांगला मालही गेलेला असतो. हवी असलेली वस्तू पहिल्यांदा उचलू नये. चार-पाच वस्तू बाजूला काढून सगळ्यांचा एकत्र भाव विचारावा आणि दोष दाखवत त्यांतील एकेक कमी करावी. मोबाइलवर डिस्कॉग्जसारख्या तबकड्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरचा भाव पाहायचा असेल तर पाठ फिरवून पाहावा, आणि मागितलेली किंमत नव्हे, प्रत्यक्ष विक्री झालेली किंमत पाहावी. तिथला ‘गुड’ हा दर्जा म्हणजे चांगली नव्हे, तर पुष्कळ खरखरणारी तबकडी, हेही ध्यानात ठेवावे. क्रमांकाचे स्टिकर खरवडलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ते चोरीचे असण्याची शक्यता मोठी.

ऑनलाइन घेताना फोटोऐवजी वस्तू चालू असलेला व्हिडिओ मागावा आणि त्यात त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे पान ठेवायला सांगावे. आपल्याच शहरातील विकणारा निवडून प्रत्यक्ष पाहून पैसे द्यावेत. आपण विकत असू आणि समोरचा ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगत असेल तर संभाषण तिथेच थांबवावे, कारण पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

घरी आणल्यावर

नवा माल जुन्या संग्रहात लगेच मिसळू नये. विनाइलची तबकडी डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, लेबल कोरडे ठेवून पुसावी आणि सावलीत उभी वाळवावी. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात. उन्हात उभ्या गाडीत तर अर्धा तासही ठेवू नयेत. कॅसेट एका टोकापर्यंत गुंडाळून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकेकदा पूर्ण फिरवाव्यात. हँड गेम आणि रिमोट यांच्या सेलची जागा घरी आल्याबरोबर उघडावी. फुटलेल्या अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी व्हिनेगरच्या थेंबाने निघते, पत्र्याची पट्टी गंजून तुटलेली असेल तर तीही बदलून मिळते, आणि वापर संपला की सेल आत ठेवायचे नाहीत.